पदरात घे असं अप्पा म्हनले

लिहून घेताय तर लिहा, माझं नाव इंदू. माहेर पाटण तालुक्यातलं, डोंगराच्या अंगाला, गावाचं नाव सांगून तुमाला कळायचं न्हाई, एसटी फाट्यावर सोडायची आन् तितनं पुढं पायी. पाच बहिनी आन् शेवटाला एक भाऊ, त्यातली मी तिसरी. शाळा म्हनाल तर दुसरीपतुर, ती बी पावसाळ्याची बंद, कारन ओढा आडवा यायचा. वाचायला मला येत न्हाई बाई, सही येती, ती बी हितं आल्यावर शिकले, तुमच्या आधीच्या बालवाडीच्या बाईंनी शिकवली. तर लगीन झालं आन् घाटकोपरला आले, तितं बी डोंगरावरच खोली, म्हंजी एका डोंगरावरनं निगाले आन् दुसऱ्या डोंगरावर बसले, एवढंच की तितल्या डोंगरावर झाड म्हनून न्हाई. आमचे हे तुर्भ्याला कारखान्यात फिटर. मानूस हाताचा चांगला, पन प्यायचे. लई प्यायचे. मारझोड न्हाई केली कदी, खोटं कशाला बोलू, नुसते रडायचे. पिऊन मारनारा परवडला असं मला वाटायचं, रडनाऱ्याचं काय करायचं ते बाईमानसाला कळत न्हाई.

मंग अप्पा आले. अप्पा म्हंजी आमच्या प्रार्थना मंडळाचे अप्पा. कापडाच्या दुकानात कामाला व्हते पूर्वी, भगवी कापडं न्हाईत, माळ न्हाई, पांढरा सदरा आन् लेंगा, तुमी रस्त्यात बघितलं तर बघनार बी न्हाई. त्यांनी ह्यांना दारू सोड म्हनून सांगितलंच न्हाई. रोज संध्याकाळी, दारूच्या टायमाला, यायचे आन् म्हनायचे मारुती, चल, त्या म्हातारीचं पानी भरायचंय. दुसऱ्या दिवशी मारुती चल, त्याचं छप्पर गळतंय. असं करता करता टाईम निगून जायचा आन् दमून हे झोपायचे. सहा महिन्यांत दारू गेली. आता सांगा, ज्या मानसानं माझं घर मला परत दिलं, तो म्हनंल ते मी ऐकनार का न्हाई? ऐकलं. मंडळाचे नियम लई. मांसमच्छी न्हाई, बिडीकाडी न्हाई, आन् चहा बी न्हाई. सातारची बाई मी, चहा सोडताना मला मांसमच्छीपरीस जास्त जड गेलं. महिन्यातनं एका रविवारी समद्यांनी उपास करायचा आन् त्या दिवशीचं धान्य मंडळाच्या कोठीत घालायचं, कुनाच्या घरी अडचन आली की त्यातनं द्यायचं. वाईट काय त्यात? काय न्हाई. मला समदं समजायचं असं न्हाई, पन वाईट न्हाई एवढं कळायचं.

एक दिवस अप्पा म्हनले, हितं गर्दीत मानसाचं मन ऱ्हात न्हाई, खाडीपलीकडं नवीन शहर वसतंय, तितं जा, आपली वस्ती करा. का म्हनून कुनी विचारलं न्हाई. विचारायची रीतच नव्हती. सरकारी घरांचे फॉर्म भरले, आमच्या मंडळातल्या अकरा जनांना कळंबोलीत घरं लागली, ती बी जवळजवळ, म्हंजी ही अप्पांचीच कृपा असं समद्यांनी धरलं. एका टेम्पोत दोन-दोन घरांचं सामान घालून आमी आलो. अप्पा आले न्हाईत. तुमी व्हा पुढं, मी मागनं येतो म्हनले. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट.

आता तुमी कळंबोली बघताय ती येगळी. तवाची काय सांगू तुमाला. घरं बांधलेली, पन मानूस न्हाई. रांगाच्या रांगा खोल्यांच्या, निम्म्याला कुलूप, निम्म्याला दारच न्हाई. कमरंएवढं गवत. पयल्या दिवशी मी दार उघडलं तर मोरीत धामन, चांगली हाताएवढी जाड, माज्याकडं बघती जशी काय ती घरमालकीन आन् मीच पाव्हनी. नळ व्हता, तोटी बी नवी चकचकीत, पिळली की नुसतं सूं सूं करायची. पानी दिसाआड टँकरनं, तो कवा येईल याचा नेम न्हाई, भांडी मांडून आमी बाया उन्हात बसायचो, कुनी वाती वळायच्या, कुनी तांदूळ निवडायच्या, आन् धुरळा दिसला की उठून पळायचं. धुरळा तर निम्म्या वेळा ट्रकचाच असायचा. लोखंडाचा बाजार जवळ, दिवसभर खन् खन् आवाज. भाजीला पनवेल. दळनाला पनवेल. दाढ दुखली तर पनवेल. बस यायची ती वळून वळून, आन् आली तर थांबायची न्हाई, ड्रायव्हरला वाटायचंच न्हाई की हितं कोन ऱ्हात आसंल. सकाळी सहाला समद्यांनी एकत्र बसून प्रार्थना, मंग पुरुष कामावर गेले की आमी अकरा बाया, लेकरं, आन् ते गवत. बायाच गवत कापायच्या, बायाच गटार काढायच्या. शाळा न्हाई म्हनून शालन, जी सातवी शिकली व्हती, ती लेकरांना जिन्याखाली बसवून पाढे म्हनवून घ्यायची. या शालनचं पुढं सांगते.

तितल्या जुन्या गावातली एक आगरी बाई यायची, धाकलीबाय, डोक्यावर पाटी. पयल्यांदा आली ती मासळी घेऊन, आमी समद्यांनी नाकाला पदर लावला. ती कमरंवर हात ठेवून हुबी ऱ्हायली आन् म्हनली, काय गो बायांनो, मासली खात नाय, मंग हितं आल्या कशाला? हितं मासलीबिगर दुसरं हाय काय? आन् हसाय लागली. दुसऱ्या दिवसापास्नं पाटीत भाजी आनाय लागली, लाल माठ, शिराळी. तिची जमीन या शहरात गेलेली. ज्या जागी आमचं घर हाय तितं तिच्या सासऱ्याचं भातखाचर व्हतं, असं ती हात करून दाखवायची. मला लाज वाटायची. तुमच्या भातात आमी झोपतोय असं मी एकदा बोलले तर म्हनली, तू कं घेतलीस जमीन? तुला कुनी धाडली, मला कुनी काढली, दोघींना बी नाय ठावं. एवढं बोलून भाजी तोलाय लागली. तिनं मला तिच्या घरी नेऊन चहा पाजला. मी प्याले. हे मी आमच्या मंडळात कुनाला सांगितलं न्हाई, तुमी लिहा खुशाल, आता काय.

तर शालन. तिचा नवरा ज्ञानू, आमच्याच मंडळातला, आमच्यापास्नं तिसरं दार. लोखंडाच्या बाजारात माल उतरवायच्या कामाला. पोरगा असा की हसला तर समदी रांग हसायची. दुसऱ्या वर्साला, दुपारी, मी पानी भरत व्हते, दोघं जन सायकलवर आले आन् म्हनले ज्ञानूच्या घरचं कोन हाय. ट्रकवरनं पत्रा घसरला व्हता. मी विचारलं लागलं का लई, तर त्यातला एक जन खालीच बसला. मंग मला कळलं. शालनला मीच सांगितलं. काय शब्दांत सांगितलं मला आठवत न्हाई. तिला चौथा महिना.

तेराव्याला अप्पा आले. दोन वर्सांत पयल्यांदाच आले, थकलेले, काठी हातात. आमी समदे खाली जमलो, पुढं पुरुष बसलेले, त्यांच्या मागं बाया, अशीच बसायची पद्धत. आमचे हे पुढच्या रांगेत आन् मी नेमकी त्यांच्या पाठीमागं. शालन भिंतीला टेकून बाजूला. तिला माहेर न्हाई, सासरच्यांनी तोंड फिरवलेलं. अप्पा लई वेळ बोलले, मानूस जातो, वस्ती ऱ्हाती असं काय काय. आन् मंग आमच्या बाजूला बघून, बोटानं शालनकडं दाखवून म्हनले, हिला पदरात घे. बस. एवढे तीन शब्द. हे हात जोडून म्हनले व्हय अप्पा. मी बी हात जोडले, समद्यांनीच जोडले. आन् संध्याकाळच्या आत अप्पा निगून गेले.

दुसऱ्या दिवशी हे तिची पेटी उचलून आमच्या घरात घेऊन आले.

आता बाई, तुमी शिकलेल्या हाय, तुमीच सांगा, पदरात घे म्हंजी काय? मी तवापास्नं इचार करती. लेकीसारखं संभाळ असं? का बहीन मान असं? का बायको करून घे असं? माझ्या लग्नाला नऊ वर्सं झालेली आन् मूल न्हाई. हे समद्यांना म्हायती. तवा बाकीच्या बायांनी काय धरायचं ते धरलं. पान्याच्या रांगेत मी गेले की गप्प. एकीनं तर सरळ विचारलं, इंदूताई, मंगळसूत्र नवीन केलं का जुनंच ठेवलं? मी म्हनलं कुनाचं? ती म्हनली असूं दे, असूं दे.

मी ह्यांना विचारलं. जेवताना विचारलं, आता ही हितं ऱ्हानार ती कोन म्हनून? हे म्हनले अप्पांनी सांगितलंय. मी म्हनलं काय सांगितलंय? हे म्हनले तू व्हतीस ना तितं. मी म्हनलं मी व्हते म्हनून तर विचारती. ते उठून हात धुवायला गेले. घर म्हंजी एक खोली आन् आत सैपाकाची. आदी आमी दोघं भायेर झोपायचो. त्या दिवसापास्नं मी शालनला घेऊन आत झोपाय लागले. मला कुनी सांगितलं न्हाई बरं का, ना ह्यांनी ना तिनं. मीच माझं अंथरून उचललं. ते रागानं उचललं का दयेनं उचललं का तिच्यावर राखन ठेवायला, हे आजपतुर मला सांगता येत न्हाई. तिन्ही आसंल. आन् ती बी काय बोलली न्हाई, हे बी काय बोलले न्हाईत, तर मंग तसंच पडलं वळन.

एक दिवस मी धुनं वाळत घालत व्हते आन् एकदम मनात आलं, पदर माझा हाय. पुरुषाला कुटला पदर? सदऱ्याला का पदर असतो? मंग अप्पा ह्यांना म्हनले का मला म्हनले? मी पाठीमागंच बसले व्हते. ते बघत व्हते ते ह्यांच्या डोक्यावरनं बघत व्हते का ह्यांच्याकडं बघत व्हते? ती साडी तशीच बादलीत टाकून मी खाली बसले. ह्यांनी व्हय म्हनलं ते माज्यासाठीचं उत्तर ह्यांनीच देऊन टाकलं का काय? असं वाटलं की लगेच हलकं वाटायचं. मंग लगेच वाटायचं, तू तुला पायजे तसा अर्थ काढतीस, अप्पांच्या शब्दाला वाकवतीस. दोन दिवस मला जेवन गेलं न्हाई.

मंग मी कुनाला न सांगता घाटकोपरला गेले. म्हनलं जाऊन त्यांनाच विचारावं, एका शब्दाचा तर प्रश्न हाय. धाकलीबायनं मला बसमधी बसवून दिलं. त्या डोंगरावर चढून गेले तर अप्पा खाटंवर. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. आठ दिवस झाले म्हनले. मी पायाशी बसले आन् विचारलं, अप्पा, तुमी कुनाला म्हनलात, ह्यांना का मला? त्यांनी वळखलं मला, ते नक्की. डोळ्यांतनं पानी आलं. डावा हात उचलला आन् असा, असा हलवला. आता तो हात तूच म्हनून हलवला, का जा म्हनून हलवला, का माशी हाकलली? मी लई वेळ बसले. परत विचारलं. परत तसाच हात. मी पाया पडून आले. पुढच्या महिन्यात ते गेले.

आन् मी घरी आले तर शालन दारात हुबी. ताई, कुटं गेला व्हता, मी सकाळपास्नं जेवले न्हाई. तिच्याकडं बघून मला इतका राग आला, आन् त्याच रागात मी तिला ताट वाढलं आन् ती जेवस्तवर समोर बसले.

बाळंतपन बी घरातच झालं. पनवेलला न्यायचं ठरलेलं, पन नववा लागायच्या आदीच, सकाळी दहाच्या सुमाराला, भाकरी करता करता ती खाली बसली. पुरुष समदे कामावर. रस्त्यावर ट्रक हुबे, पन एक बी चालू न्हाई, संप व्हता त्यांचा. मी धाकलीबायला बोलवायला पळाले. ती चिखलातनं आली, आल्या आल्या म्हनली पानी ठेव, नवीन बिलेड आन, आन् बाकीच्यांना भायेर घाल. मी लेकरू व्हताना कदी बघितलं नव्हतं. शालननं माझा दंड असा धरला व्हता की पंधरा दिवस वळ ऱ्हायला. मी तिला काय काय म्हनत व्हते, सोन्या म्हनत व्हते, आई गं म्हनत व्हते. मुलगी झाली. रडली न्हाई. धाकलीबायनं पाय धरून उलटी केली, पाठीवर मारलं, तोंडात बोट घालून साफ केलं, तरी न्हाई. मंग मला म्हनली, तू फुंक. मी? म्हनलं मी काय फुंकू. फुंक म्हन्ते ना! मी त्या एवढ्याशा तोंडात फुंकलं. एकदा, दोनदा. किती येळा ते ठावं न्हाई. मंग ती अशी वाकडी झाली आन् मांजरावानी आवाज केला. धाकलीबाय भिंतीला टेकून बसली आन् देवाला शिव्या घालाय लागली. मी पोरगी छातीशी धरून हुबी, आन् माझ्या मनात काय आलं म्हायतंय? ही कुनाची? हेच आलं. अशा वेळी सुदिक.

सोनाली नाव ठेवलं. दिवस जाऊ लागले. टँकर बंद झाला, नळाला पानी आलं, दिवसातनं एक तास. दुकान आलं. मंडळातली दोन घरं परत मुंबईला गेली, मंग आनखी तीन. सकाळच्या प्रार्थनेला पाच-सहाच जन. मी आन् शालन लोखंडाच्या बाजारातल्या ड्रायव्हर लोकांना डबे द्यायला लागलो, ती भाकरी थापायची, मी कालवन. एका दुपारी डबे घासताना मी धीर केला. म्हनलं शालन, खरं सांग, तुजं आन् ह्यांचं काय ठरलंय? ती घासायची थांबली. माझ्याकडं बघत म्हनली, मला वाटलं ते तुमाला म्हायती आसंल, ताई. मी म्हनलं मला? ती म्हनली, व्हय, मी वाट बघती, तुमी कवातरी सांगाल म्हनून. चार वर्सं झालेली बाई तवा! चार वर्सं ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती आन् मी तिच्या. मी विचारलं, आन् तुला काय पायजे? ती म्हनली मला कुनी असं विचारलंच न्हाई, आता एकदम कसं सांगू. आन् परत घासाय लागली. मी बी घासाय लागले.

मंग सोनालीला शाळेत घालायचं आलं. मी गेले व्हते तिला घेऊन, शालनला ताप व्हता. गुरुजींनी जन्माचा दाखला बघितला आन् मोठ्यानं वाचलं, वडिलांचं नाव मारुती. मी म्हनलं परत वाचा. त्यांनी परत वाचलं. ज्ञानू न्हाई, मारुती. दाखला ह्यांनीच जाऊन काढलेला, पाच वर्सं पेटीत पडून व्हता आन् मी रोज त्या पेटीवरनं फडकं फिरवत व्हते. आईचं नाव काय लिव्हलंय विचारायचा मला धीर झाला न्हाई. पोरीचा हात धरून घरापतुर आले ते कुटल्या रस्त्यानं आले मला ठावं न्हाई. ह्यांना म्हनलं हे काय? हे म्हनले, मेलेल्याचं नाव लावलं तर पोर जन्मभर बिनबापाची म्हनून हिंडंल, म्हनून लिव्हलं. मी म्हनलं एवढंच? हे म्हनले एवढंच. चेहऱ्यावरनं खरं वाटलं. पन मला वाचायला येत न्हाई, तसा मला त्यांचा चेहरा बी वाचायला येतो का, असं वाटून गेलं.

त्याच वर्सी मंडळाचा निरोप आला. अप्पांचा पुतन्या आता गादीवर बसलेला. तो म्हनला कळंबोलीत आता गर्दी झाली, अप्पांना दिसलं व्हतं की खरी वस्ती पुढं हाय, कोकनात, डोंगरात, तितं चला. हे लगेच तयार. सकाळीच पेटी काढली आन् आमाला म्हनले आवरा. मी म्हनलं मी येत न्हाई. लग्नाला पंधरा वर्सं झाली व्हती, पयल्यांदा न्हाई म्हनले. एकदा गवत कापलं, आता परत कापायला अंगात बळ न्हाई. हे शालनकडं वळले. ती सोनालीच्या वेन्या घालत व्हती. म्हनली ताई जितं तितं मी.

हे पेटीवर बसले. मी म्हनलं जा, मी अडवत न्हाई, तुमची श्रद्धा हाय. पन जायच्या आदी एकच सांगा, आज तिच्यासमोर सांगा, ही तुमची कोन? त्यांनी पेटीची कडी लावली, परत काढली. मंग म्हनले, मलाच कळलं न्हाई गं. अप्पा काय म्हनले ते मलाच नीट कळलं न्हाई. त्या वेळी समद्यांसमोर कसं विचारू? वाटलं परत येतील तवा विचारू. ते आलेच न्हाईत. म्हनून मी काहीच केलं न्हाई, बायको बी मानली न्हाई आन् बहीन बी मानली न्हाई, चूक व्हायला नको म्हनून. नाव लावलं कागदावर, त्याच्यात तरी चूक न्हाई ना? आन् रडाय लागले, जसे प्यायचे तवा रडायचे तसे. मी हसू का रडू मला कळंना. पाच वर्सं आमी तिघं एका घरात, तिघांना बी ठावं न्हाई, आन् तिघं बी दुसऱ्याला ठावं हाय म्हनून गप्प! शालन उठली आन् त्यांना पानी दिलं. मंग ते गेले. मी भाकरी बांधून दिली.

वर्सभर आले न्हाईत. कुनाबरोबर तरी खुशाली यायची. बाया म्हनायच्या आता दोघींनी कुंकू कुनाच्या नावाचं लावायचं. डबे चालू व्हते, पोरगी पयलीतनं दुसरीत गेली. आन् एक दिवस दुपारी दार वाजलं. मी आत फोडनी देत व्हते. शालननं दार उघडलं. दाढी वाढलेली, हातात पिशवी, पायात चप्पल न्हाई. येऊ का आत, असं स्वताच्या घरात विचारत व्हते. तितली वस्ती मोडली व्हती, पान्यावाचून. आन् शालन, जिनं इतक्या वर्सांत त्यांना कुटल्याच नावानं हाक मारली नव्हती, अहो न्हाई, दादा न्हाई, जेवायला बोलवायचं तर पोरीला पाठवायची, ती वळून मला म्हनली, ताई, भाऊजी आलेत.

भाऊजी. असं म्हनली आन् आत येऊन कांदा चिराय लागली. फोडनी जळली माझी. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान वर केली न्हाई. आता हे तिनं माझ्यासाठी म्हनलं, का तिच्या मनातच तसं व्हतं पयल्यापास्नं, का तिला दुसरं काय पायजे व्हतं आन् ते तिनं त्या एका शब्दात टाकून दिलं? मी विचारलं न्हाई. काय काय गोष्टी मी आता विचारत न्हाई. मला रडायला आलं एवढं खरं, कांदा ती चिरत व्हती आन् रडत मी व्हते.

आता हे बाजारात वॉचमन हाय. प्रार्थना एकटेच म्हनतात, सकाळी, भायेरच्या खोलीत. नियम निम्मे सुटले, उपासाचा रविवार तेवढा मी पाळते, त्या दिवसाचे तांदूळ धाकलीबायला देते, ती आता म्हातारी झाली. सोनाली मला मोठी आई म्हनती. दाखल्यावर आईचं नाव काय हाय ते तिनंच मला वाचून दाखवलं, शालनचं हाय. मी म्हनलं बरं झालं. बरं झालं का, ते मला ठावं न्हाई, पन म्हनलं. आन् अप्पांचा खरा अर्थ काय व्हता ते बी मला ठावं न्हाई. देवाघरी गेले की विचारीन म्हनते, आन् मंग वाटतं, तितं बी त्यांच्याभवती गर्दी आसंल.

हितं रोज नवीन मानसं येतात आता. पुन्याला जायचा मोठा रस्ता करतायत, समदीकडं खनलेलं. परवा समोरच्या खोलीत एक नवीन जोडपं आलं, टेम्पोतनं. पोरगी अशी वीस वर्सांची आसंल, गाद्यांवर बसून रडत व्हती. मी तांब्या घेऊन गेले. ती म्हनली मावशी, हितं कसं ऱ्हायचं हो? मी काय सांगनार, मलाच म्हायती न्हाई कसं ऱ्हायले ते. मी म्हनलं आदी पानी पी. मंग शालनला हाक मारली, तिघींनी मिळून तिचं कपाट आत ढकललं, दारात अडकलं व्हतं ते तिरकं करून घेतलं. आमी निगालो तशी ती पाया पडली. म्हनलं सुखी ऱ्हा बाई, आन् काय बी कळलं न्हाई तर लगेच विचार, मनात ठेवू नकोस.